मागणाऱ्यांचा मेळावा

आमच्या घराण्यात पैसे मागायचे म्हणजे आवाज उतरवायचा. उसने दिलेले पैसे परत हवे असले की आजोबा त्या माणसाच्या घरी जायचे, चहा घ्यायचे, पावसापाण्यावर बोलायचे आणि पैशांचं नावही न काढता परत यायचे. 'त्याला कळलं असेल,' असं आजीला सांगायचे. त्याला कधीच कळायचं नाही.

असल्या रक्ताच्या माणसाने नवउद्योजकांच्या परिषदेला जाणं धोक्याचं. तरी मी गेलो, कारण भाची तिथे बोलणार होती. उसाच्या सरीत पुरायचं एक यंत्र तिने केलं आहे. मातीत ओल किती आहे ते यंत्र शेतकऱ्याच्या फोनवर कळवतं. 'मामा, फक्त बसायचं. प्रश्न विचारायचे नाहीत,' अशी तंबी मिळाली होती.

केंद्र सरकारने 'स्टार्टअप इंडिया' सुरू केलं ते १६ जानेवारी २०१६ला, आणि २०२२ साली हा दिवस राष्ट्रीय स्टार्टअप दिवस म्हणून जाहीरही झाला. त्यामुळे बायकांचं संक्रांतीचं हळदीकुंकू आणि उद्योजकांच्या परिषदा एकाच सुमारास येतात. पुण्यातल्या त्या थंडगार हॉटेलात शिरल्यावर हा योगायोग मला फारच पटला. दारातच नावाचा पट्टा गळ्यात पडला आणि कापडी पिशवीतून वाण मिळालं: पेन, वही, पाण्याची बाटली. मग जो तो समोर येईल त्याला कार्ड देऊ लागला. घेणाऱ्याला ते नको होतं हे देणाऱ्याला ठाऊक होतं, पण रिकाम्या हाताने कुणालाही पाठवायचं नाही हा रिवाज दोघांनीही पाळला. वेबसाइट बनवणाऱ्या एका मुलाने वेबसाइट बनवणाऱ्या दुसऱ्या मुलाला स्वतःच्या वेबसाइटचा पत्ता दिला, तेही मी पाहिलं.

मग सुरू झाला मागण्याचा कार्यक्रम. प्रत्येकाला पाच मिनिटं, समोर पैसेवाले, मागे पडद्यावर आकडे. विशी-पंचविशीतली पोरं खणखणीत आवाजात सांगत होती, 'आम्हाला दोन कोटी हवे आहेत, दहा टक्के हिश्शाच्या बदल्यात.' मी मनातल्या मनात त्रैराशिक मांडलं. दहा टक्क्यांना दोन कोटी म्हणजे अख्खी कंपनी वीस कोटींची. विक्री अजून लाखांत. आणि या वीस कोटींत ते न आलेले दोन कोटीही धरलेले! आजोबांना आलेल्या पैशांचाही हिशेब द्यायला संकोच वाटायचा. इथे न आलेल्या पैशांचा हिशेब टाळ्या घेत होता.

'तुमचा रनवे किती?' असं एका परीक्षकाने विचारलं. बँकेतली शिल्लक महिन्याच्या खर्चाने भागली की येतील तेवढे महिने, असं भाचीने कानात सांगितलं. या हिशेबाने आमच्या आळीतल्या बहुतेक घरांचा रनवे वीस तारखेला संपतो. विमानं मात्र उडत राहतात.

उद्योजकांनी असं जमणं आपल्याकडे नवं नाही. पुण्यात मराठा चेंबर १९३४ साली उभं राहिलं. रेल्वेतून निवृत्त झालेल्या माधवराव भिडे यांनी २००० साली सॅटर्डे क्लब काढला, तोही मराठी उद्योजकांनी एकमेकांचा हात धरावा म्हणूनच. पण त्याही आधीचे लक्ष्मणराव किर्लोस्कर या मंचावर उभे राहिले असते तर, असं माझ्या मनात आलं. बेळगावात सायकली विकणारा हा माणूस लोखंडी नांगर घेऊन आलाय. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागलेली. परीक्षक विचारणार, 'ट्रॅक्शन?', म्हणजे गिऱ्हाइकांची ओढ किती. लक्ष्मणराव म्हणणार, 'बैलांचं.' पुढच्याला बोलवा! सुदैवाने त्यांची गाठ औंधच्या राजांशी पडली. त्यांनी जागा दिली, कर्ज दिलं आणि १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. राजांनी स्लाइड मागितल्याचं कुठे वाचनात नाही.

भाची बोलली छान. परीक्षकांनी देशात ऊस किती एकरांवर आहे ते विचारलं, तिने सांगितलं. पाच वर्षांनी कंपनी कुठे असेल ते विचारलं, तेही तिने सांगितलं. 'संपर्कात राहू,' असं म्हणून त्यांनी पुढच्या मुलाकडे पाहिलं. या वाक्याचा अर्थ मला आजोबांमुळे लगेच कळला.

खरी परीक्षा झाली ती चहाच्या रांगेत. पुढे उभे असलेले गृहस्थ कोल्हापूरकडचे, शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्री, गावाकडे ऊस. त्यांनी भाचीला पहिलाच प्रश्न टाकला, 'आमच्याकडं शेतीची लाइट रातच्याला येते. तुझं यंत्र मला उठवणार काय?' सकाळपासून हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. भाचीने पिशवीतल्या वाणातली वही काढली आणि उभ्याउभ्या लिहून घेतलं. वाण कधीतरी कामाला येतं म्हणायचं.

मग ते आपल्या धंद्याबद्दल बोलू लागले. मंचावर पैसे उभे कसे करायचे याची चर्चा चालली होती. त्यांचं सगळं बोलणं अडकलेले पैसे सोडवायचे कसे यावर. लहान उद्योगाचं बिल फार तर ४५ दिवसांत चुकतं करावं, असा कायदा २००६चा आहे. आता तर मुदत उलटली की पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत ती रक्कम खर्चात धरता येत नाही, असं आयकराचं कलमही आलंय. 'पण कलम दाखवलं,' ते म्हणाले, 'की पुढची ऑर्डर शेजारच्या फौंड्रीला जाते.' त्यांच्याकडे वीस कोटींची किंमत लावणारा कुणी आला नव्हता. मात्र कामगारांचा पगार दर महिन्याला होत होता.

मला त्यांच्यात आजोबा दिसू लागले. ही पिढी कामात वाघ, वसुलीत गाय. घाम गाळताना लाज वाटत नाही, त्याचा दाम सांगताना वाटते. या परिषदेत किती कंपन्या जन्मतील आणि किती दोन वर्षांत मिटतील कोण जाणे. पण समोरच्याच्या डोळ्यांत पाहून आकडा उच्चारायची तालीम इथे फुकट मिळते. मराठी घरात तिचा क्लास निघायला फार उशीर झाला.

चहा संपताना गृहस्थ म्हणाले, 'एक यंत्र दे पाठवून. किती?'

'बारा हजार.'

'देतो ४५ दिवसांत.'

मी कपाकडे पाहू लागलो. भाचीने मात्र मंचावरच्याच आवाजात सांगितलं, 'नाही काका. पैसे आधी.'

'अर्धे आता, अर्धे साखर कारखान्याचं उसाचं बिल आलं की.'

'ते कधी येतं?'

'कायद्यानं चौदा दिवसांत,' ते म्हणाले. त्यावर दोघंही इतकं हसले की रांगेतले लोक वळून पाहू लागले. मग काकांनी फोन काढला आणि तिथल्या तिथे बाराच्या बारा हजार पाठवले.