तिनईकर आपलाच

पंचावन्नाव्या वर्षी रॉक पुन्हा अंगात आलेला माणूस शहरात असता, तर कानात यंत्रं खुपसून बसला असता आणि प्रकरण घरातल्या घरात मिटलं असतं. जोयडा तालुक्यात गणेशगुडीच्या बाजूला होमस्टे चालवणाऱ्या भाऊंना ती सोय नाही. त्यांच्या घरात रेंज नाही. ती येते मागच्या टेकाडावर, एका ऐनाच्या झाडाखाली, आणि तीही तिच्या मनात आलं तर. त्यामुळे 'रॉक मशीन' भाऊंना परत सापडलं ते अख्ख्या वाडीच्या देखत. दोन ओळी वाजल्या की मोबाइलवर चक्र फिरू लागतं. पुढच्या ओळी मग भाऊ स्वतःच म्हणतात, गिटारच्या तुकड्यासकट. खालून वहिनी ओरडतात, "कुणाला हाका मारायलाय ओ?"

हा बँड मुंबईत १९८४ साली निघाला. आधी इतरांसारखी परदेशी गाणी वाजवली आणि मग स्वतःची इंग्रजी गाणी करायचं धाडस केलं. १९८८ साली 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा अल्बम आला तेव्हा भाऊ बेळगावात कॉलेजला होते. खाणावळीच्या पैशातून त्यांनी कॅसेट घेतली. टेप गुंतली की पेन्सिल घालून फिरवायची, हे शास्त्र त्यांनी पदवीच्या अभ्यासक्रमापेक्षा मन लावून शिकून घेतलं. केस खांद्यापर्यंत आले. चवथीला गावी आल्यावर वडिलांनी गणपतीच्या आधी न्हाव्याला बोलावलं आणि रॉकचा तो अध्याय अंगणातच संपला.

पण तालुक्यात हे नाव ठाऊक असलेला एकमेव माणूस हा मान भाऊंकडे राहिला. माझ्या मते त्यांचं खरं प्रेम या मानावरच आहे. गाणी त्याच्याबरोबर आली, एवढंच.

त्यात बँडच्या गिटारवाल्याचं नाव महेश तिनईकर. एवढं भाऊंना पुरे आहे. लोंढ्याहून कॅसलरॉकला जाताना तिनईघाट स्टेशन लागतं, ते आपल्याच तालुक्यातलं, म्हणजे तिनईकर आपलाच. मुंबई महापालिकेचे एकेकाळचे आयुक्त सदाशिवराव तिनईकरही भाऊंनी याच हिशेबात गावकीत घेतलेत. पुरावा मागितला तर म्हणतात, "वाजवतो बघा की कसा! जंगलातलाच हात आहे तो."

परत सापडलेल्या बँडची एक अडचण असते. मधल्या काळात तो आपल्याला न कळवता जगलेला असतो. १९९३ साली 'रॉक मशीन'चं 'इंडस क्रीड' झालं, हे भाऊंना टेकाडावर आत्ता कळलं. त्याच साली 'प्रिटी चाइल्ड' गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्हीचा पुरस्कार मिळाला, याचा आनंद त्यांना झालाच नाही. "चांगलं नाव होतं. बदलायच्या आधी कुणाला विचारलं काय?" असं ते पारावर आठवडाभर म्हणत होते. शेवटी पोस्टातून निवृत्त झालेल्या त्यांच्या वर्गमित्राने वर्तमानपत्रातून डोकं काढलं. "अरे, काळी नदीवर धरण झालं, सुपा गाव पाण्याखाली गेलं, सुपा तालुक्याचं जोयडा झालं. तेव्हा तुला कुणी विचारलं होतं?"

भाऊ चहा अर्धा टाकून उठले.

पुढची बातमी त्याहून वाईट होती. १९९७ साली बँड मोडला, इथवर ठीक. निदान आपल्यासारखीच त्यांचीही उमेद संपली, असं भाऊंना वाटलं. पण २०१० साली मंडळी पुन्हा जमली आणि २०१२ साली 'इव्हॉल्व्ह' नावाचा नवा अल्बमही काढला. त्या वर्षी भाऊ न्हाणीघरांवर पत्रे घालून घेत होते. 'इव्हॉल्व्ह' त्यांनी चार टप्प्यांत ऐकला, मध्ये पाऊस आला म्हणून. निर्णय मात्र पहिल्याच मिनिटाला झाला होता: "पूर्वीसारखं नाही."

आता संध्याकाळी काळी नदीत राफ्टिंग करून पाहुणे परतले, की व्हरांड्यात स्पीकर लागतो. पाहुण्यांना हवी असतात कन्नड सिनेमातली गाणी किंवा नुसती झोप. भाऊ त्यांना आधी कोंबडी-भाकरी वाढतात, मग रॉक मशीन. वीज गेली तर इतिहास तोंडी सांगतात. हुबळीच्या एका कुटुंबाने वीज येईपर्यंत मेणबत्तीच्या उजेडात १९८८ ते १९९० एवढा काळ ऐकला. वीज आल्यावर त्यांनीच टाळ्या वाजवल्या, त्या रॉकसाठी होत्या असं भाऊ मानतात.

मागच्या महिन्यात पुण्याहून चार पोरं आली. त्यातल्या एकाने पहिल्या सुरालाच बँड ओळखला. भाऊंचा चेहरा उजळण्याऐवजी सावध झाला.

"हा सोलो ऐक. तिनईकर. आमच्या तालुक्याचा."

"काका, यात गिटारवर दोघं होते. हे जयेश गांधी वाजवत असतील," पोरगा म्हणाला. "माझे बाबा फार ऐकतात. त्यांच्याकडे सगळं आहे, सह्यांसकट."

भाऊंनी स्पीकर बंद केला, उद्या लवकर उठायचंय म्हणाले आणि आत गेले. सकाळी पोरांच्या बिलात अंघोळीच्या गरम पाण्याचे पैसे वेगळे लागले होते.