समुद्र उणे साठ टक्के

यंदा डिसेंबरात टेंभुर्णीचे आमचे एक बागायतदार दाजी सहकुटुंब फ्रान्सातल्या नीसला जाऊन आले. भूमध्य समुद्र, निळं पाणी, कोवळं ऊन, असा एकूण बेत. टूरवाल्यानं दाखवलेले फोटो जुलैतले होते, हे तिथं उतरल्यावर कळलं. नीसला डिसेंबरात दिवसा तेरा-चौदा अंश असतात आणि पावसाचा जोरही ऑक्टोबर ते डिसेंबरातच. त्याच दुपारी इकडं टेंभुर्णीत पारा तिशीला टेकलेला, रसवंतीवर गर्दी. ऊन शोधायला माढा तालुक्यातला माणूस परदेशी जातो म्हणजे तालुक्याची प्रगती झालीच म्हणायची.

किनाऱ्यावर पाय ठेवताच दाजींचा फोन. "आवो, हितं वाळूच नाय. सगळे गोटे!"

नीसचा किनारा मूळचाच गोट्यांचा आहे, असं मी परोपरीनं सांगितलं. भीमाकाठी वाढलेल्या माणसाला ते पटायचं कसं? "मूळचा कशाचा? कुणीतरी उचललीय. रात्री डंपर कुठनं येत असतील, ती वाट बी बघून ठेवलीय मी."

त्या किनाऱ्याला लागून इंग्रजांच्या नावाचा प्रसिद्ध रस्ता आहे. हिवाळा घालवायला नीसला येणाऱ्या इंग्रज पाहुण्यांनी १८२०च्या सुमारास, एका कडक हिवाळ्यात, वर्गणी काढून तिथल्या बेकार गरिबांच्या हातानं तो करून घेतला. मी ही हकिकत सांगताच दाजी खूश. "म्हंजे रोजगार हमीच की! मस्टर कुणाकडं होतं?" पुढं शंभरेक वर्षं तिथला हंगाम हिवाळ्याचाच होता. उन्हाळ्यात हॉटेलांना कुलपं लागत. १९२०नंतर उन्हात भाजून घ्यायची फॅशन आली आणि हंगाम उलटा फिरला. आमचे दाजी म्हणजे साधारण शंभर वर्षं उशिरा पोचले.

भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नावापुरती. बहुतेक ठिकाणी पाणी फूटभर वर, फूटभर खाली. दाजींना हा समुद्र मिळमिळीत वाटला, त्यात त्यांची चूक नाही. टेंभुर्णीपासून हाकेच्या अंतरावर, भीमानगरला, उजनी धरणाची भिंत आहे. एकूण पाणी सुमारे ११७ टीएमसी, त्यातलं ६३ मृतसाठ्यात. त्यामुळे आमच्या समुद्राची पातळी शून्याच्याही खाली जाते. २०२४च्या जूनमध्ये उजनी उणे साठ टक्क्यांना टेकली होती आणि ऑगस्टच्या सुरुवातीला शंभर पार! उन्हाळ्यात पाणी हटतं, पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं, धरणग्रस्तांना आपल्या जुन्या गावठाणाचं दर्शन घडतं. पुण्या-पिंपरीचं सांडपाणीही न बोलावता इथंच मुक्कामाला येतं. जलपर्यटनाचे आराखडेही अधूनमधून येतात. त्यांची पातळी मोजायची सोय अजून झालेली नाही.

बरं, नीसहून जादा पैसे मोजून दाजी कामार्गच्या दलदलीत फ्लेमिंगो बघायला गेले. परतताना गाडीतून फोन : "पक्षी लय भारी. गुलाबी!" हेच रोहित पक्षी हिवाळ्यात भिगवणच्या पाणथळीत पायाशी येऊन उभे राहतात. पुण्याचे लोक हातभर लेन्स लावून पहाटे पाचला तिथं हजर असतात. दाजी आयुष्यभर त्याच रस्त्यानं पुण्याला जातात. गाडी कधी वळवली असेल तर शपथ.

आमच्याकडे हिवाळ्याला येणारे पाहुणे आणखीही आहेत. दिवाळी झाली की बीड-जालन्याकडून ट्रॅक्टर भरून येतात. सहकुटुंब, चार-पाच महिन्यांचा मुक्काम, राहायला उसाच्या पाचटाची कोपी, समोर उघडं आभाळ आणि पहाटेच्या गारठ्यात फडात व्यायाम. बुकिंगचे पैसे पाहुण्यांनी द्यायचे नसतात, उलट त्यांनाच उचल आगाऊ मिळते आणि ती फिटेपर्यंत सुट्टी संपत नाही. दाजींसारख्यांच्या नीसच्या तिकिटाचे पैसे ह्याच सुट्टीतून निघतात, पण त्या दोन्ही पाहुण्यांचे फोटो एका अल्बमात लावायची पद्धत नाही. यजमानांसाठीही सोयी आहेत. शेतीपंपाची लाईट रात्री दिल्यामुळे दोन वाजता बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जाता येतं, बांधावर चांदणं आणि नशिबात असेल तर बिबट्या बघता येतो.

शेवटच्या दिवशी फोन आला तेव्हा नीसला पाऊस लागलेला, दाजी दुकानाच्या छपराखाली उभे. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी शिल्लक होती, म्हणून आवाजात अजून जीव होता. समुद्र कसा आहे, असं मी विचारलं.

"समुद्र ऱ्हाऊ द्या. कारखान्याचा चिटबॉय आलता का? माझ्या फडाला तोड लागली का?"

"लागली. पण टोळीवाले एंट्रीचे पैसे मागतायत. त्याबिगर उद्या कोयता लावत नाय म्हणतायत."

दाजींनी पलीकडं मोठा सुस्कारा सोडला. मागं लाटांचा आवाज येत होता. "किती म्हणतेत?"

मी आकडा सांगितला.

"हितल्या कॉफीपरीस स्वस्तच हाय," दाजी म्हणाले. "पण लगीच देऊ नका. जरा घासाघीस करा."