रोटरकाका

पुण्याच्या नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात, दोन प्रकारची गिऱ्हाइकं येतात. पहिला प्रकार गाडीचं नाव आणि साल सांगतो, 'त्यातल्या त्यात चांगले ब्रेक पॅड द्या' म्हणतो, पैसे मोजतो आणि निघतो. दुसरा प्रकार गल्लीच्या तोंडाशी दिसला, की दुकानदार पोऱ्याला हाक मारतो, "दोन चहा सांग. आणि स्टूल आण रे."

हा दुसरा प्रकार म्हणजे रोटरकाका.

सगळी पेठ जिला डिस्क म्हणते तिला काका रोटर म्हणतात, तिथूनच हे नाव पडलं. उभं आयुष्य पिंपरीच्या कारखान्यात गेलेलं, शर्टाच्या खिशात दोन पेनं, हातात कापडी पिशवी. पिशवीत रुमालात गुंडाळलेला जुना पॅड, भिंग आणि निवृत्तीनंतरही जिवापाड जपलेला मायक्रोमीटर. व्हर्निअर नाही. झिजलेल्या डिस्कच्या कडेला न झिजलेला काठ उरतो, व्हर्निअरचे जबडे त्या काठावर टेकतात आणि जास्तीचं माप दाखवतात, हे ते चहा यायच्या आत ऐकवतात. माहिती खरी आहे. काकांशी वाद घालणाऱ्यांची पंचाईत होते ती इथेच. त्यांची माहिती खरी असते.

मग पॅड भिंगाखाली जातो. त्याच्या कडेवर आकड्यांची आणि अक्षरांची एक रांग छापलेली असते. दुकानदारानं वीस वर्षांत ती कधी वाचलेली नाही. त्यातली शेवटची दोन अक्षरं घर्षणाची. पहिलं अक्षर नेहमीच्या तापमानाचं, दुसरं पॅड तापल्यानंतरचं. 'ई' म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, 'एफ' म्हणजे 0.35 ते 0.45, 'जी' म्हणजे त्याच्याही वर. "हा एफ-ई आहे," काका म्हणतात. "म्हणजे तापला की ढिला पडणार. एफ-एफ दाखव." एफ-एफ येतो. मग जी-जी का नको, यावर पंधरा मिनिटं जातात. स्वतःच्या मुलीचं स्थळ काकांनी दोन बैठकांत पक्कं केलं होतं. पॅडची ही पाचवी बैठक.

पुढचा पेच जातीचा. ऑरगॅनिक पॅड मऊ आणि शांत, पण लवकर झिजतात. सेमी-मेटॅलिक उष्णता सोसतात, पण डिस्कही खातात आणि चाकं काळी करतात. सिरॅमिकची धूळ कमी, आवाज कमी, किंमत जास्त. काकांना तिन्हींतले फक्त गुण हवे असतात. भरीला खोक्यावरचं तीन पानांचं चिन्ह. अमेरिकेत कॅलिफोर्नियानं 2025 पासून नव्या पॅडमधलं तांबं अर्ध्या टक्क्याच्या खाली आणायला लावलं, कारण रस्त्यावर झडलेलं तांबं पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत जातं आणि सामन माशांना बाधतं. तिन्ही पानं भरलेली असली की तांबं त्या मर्यादेत आहे असं समजायचं. "आपल्याकडे कोण बघतो हे?" काका विचारतात. दुकानदार मनातल्या मनात मुठा नदी आठवतो, तिच्यात मासा उरलाच असेल तर तो पॅडच्या तांब्यानं मरेल का याचा विचार करतो आणि गप्प बसतो.

"काका, गाडी जाते कुठं कुठं?" शेवटी तो विचारतो.

प्रश्न वर्मावर बसतो. गाडी कोथरूडच्या पार्किंगमध्ये असते. आठवड्यातून एकदा बँकेत जाते. मंडईत जात नाही, कारण तिथे लावायला जागा नाही. वेग ताशी चाळीस. पण काका हार मानणारे नव्हेत. "उद्या बोरघाट उतरायची वेळ आली तर?" आणि पावतीच्या मागे गणित सुरू होतं. लोणावळा ते खोपोली उतार साधारण साडेपाचशे मीटरचा. माणसांसकट गाडी बाराशे किलो. सगळा उतार ब्रेकवर उतरलात तर सुमारे 65 लाख ज्यूल उष्णता. तेवढ्यात वीस लिटर पाणी उकळतं.

"मग चहा तिकडेच करू की," दुकानदार म्हणतो.

गंमत म्हणजे घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी हे काकांइतकं कसोशीनं कुणी पाळत नसेल. ते दुसऱ्या गिअरमध्ये उतरतात, मागे अर्ध्या किलोमीटरची रांग हॉर्न वाजवत असते आणि त्यांच्या पायाला ब्रेकची आठवणही होत नाही.

मुलगा स्टुटगार्टला असतो. युरोपात पॅडना 'आर नव्वद' मान्यता लागते हे कळल्यावर काकांनी त्याला पॅड आणि रोटरची जोडी घेऊन यायला सांगितलं. एकेक डिस्क चार-पाच किलोची. काकू मधे पडल्या. "अहो, पोराच्या तेवीस किलोत तुमचे हे दोन तवे? घरात तीन आहेत. आणखी विमानानं आणायची गरज नाही."

म्हणून नाना पेठ.

गॅरेजमधल्या फिटरला मात्र काका धाकात ठेवतात. "डिस्क वाकडी झालीय," असं फिटर म्हणाला, की काका सांगतात, "वाकत नाही रे सहसा. पॅडचा थर तिच्यावर कमी-जास्त बसतो, जाडीत फरक पडतो, म्हणून पाय थरथरतो." लेथवर फेस मारू म्हणाला, तर डिस्कवर कोरलेली किमान जाडी वाचायला लावतात. काकांची डिस्क नवी असताना 20 मिलिमीटर, किमान 18. मायक्रोमीटर 18.3 सांगतो. म्हणजे फेस मारायला वाव नाही, नवी जोडीच हवी. आणि जोडीच, एका बाजूची नव्हे. या वेळी तर फिटर नवी डिस्क खोक्यातून काढून थेट चढवायला निघाला होता. तिला गंज लागू नये म्हणून तेल फासलेलं असतं. काकांनी बोट फिरवून वास घेतला आणि क्लीनरची बाटली त्याच्यापुढे धरली. ते तेल पॅडमध्ये मुरलं असतं तर पाच बैठका पाण्यात. फिटरनं मुकाट्यानं पुसलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला पॅड बसवण्याचा विधी झाला. साठच्या वेगावरून दहापर्यंत हळूहळू दाबायचं, पूर्ण थांबायचं नाही, मध्ये गार होऊ द्यायचं, असं दहा वेळा. ताशी साठ! फिरायला निघालेली मंडळी फुटपाथवर थांबून बघत होती. चौथ्या फेरीला बंदोबस्तावरच्या हवालदारानं हात केला. काकांनी काच खाली करून त्याला 1902 सालच्या लँचेस्टर यांच्या पेटंटपासून सुरुवात करून दिली. तेव्हा ब्रेकमध्ये तांबं होतं आणि ते भयंकर किंचाळायचं, इथवर आल्यावर हवालदार म्हणाला, "जावा काका."

दहाव्या फेरीनंतर घराकडे वळताना डाव्या पुढच्या चाकातून आवाज आला. कुईई. ज्याच्यासाठी हे सगळं सुरू झालं होतं, तोच.

गॅरेज उघडेपर्यंत काका गाडीतच बसून राहिले. फिटर आला, चाक हातानं फिरवून कान लावला, डिस्कच्या मागचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरनं जरासा वाकवला. टिक्कन एक खडा खाली पडला. आवाज बंद.

फिटरनं पैसे घेतले नाहीत. काकांनी खडा उचलला, फुंकर मारून साफ केला आणि पिशवीतून मायक्रोमीटर काढला.

"तीन पॉइंट दोन," ते म्हणाले, आणि खडा रुमालात गुंडाळला.