बीपी जन्माचा, केसपेपर पंधरा दिवसांचा

नांदेडच्या लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या जत्रेत घोड्याचे दात दहा जण बघतात, वय सांगतात, खोडही काढतात आणि एक रुपया मागत नाहीत. त्याच तालुक्यातल्या माणसाचं नशीब मात्र घोड्याएवढं थोर नाही. त्याला आधी केसपेपर काढावा लागतो.

आता बीपी हा आजार एकदा जडला की सरणापर्यंत सोबत करतो. त्याचा केसपेपर मात्र कुठे आठव्या दिवशी मरतो, कुठे पंधराव्या. गोळी तीच, रोगी तोच, डॉक्टरही तेच. कंपाउंडर मान वर न करता सांगतो, "मामा, कागद संपलाय." मामांना काय होतंय हे तो विचारत नाही, कारण जे काही झालंय ते कागदाला झालंय.

नव्या कागदाची फी भरून आत गेलं की डॉक्टर जुनी चिट्ठी बघतात आणि खाली 'कंटिन्यू' असं लिहितात. या भावानं शब्द विकले गेले असते तर मराठवाड्यातले सगळे कवी कधीच कर्जमुक्त झाले असते. पट्टा गुंडाळून बीपी मोजला, पायावरची सूज दाबून पाहिली, गोळी बदलली, तर फी द्यायलाच हवी, त्यात वाद नाही. आमचं भांडण पट्टा न गुंडाळणाऱ्या फीशी आहे.

म्हणून शहाणी माणसं डॉक्टरांना वगळून गोळीचं रिकामं पाकीट खिशात घालतात आणि थेट मेडिकलवर जातात. मेडिकलवाला पाकीट बघतो, तसंच दुसरं काढून देतो. फी वाचते. गोळीचा डोस तीन वर्षांपूर्वीचा आहे, हे कोणालाच कळत नाही, म्हणून कोणाला त्रासही होत नाही. निदान चक्कर येऊन पडेपर्यंत.

पडल्यावर मात्र सरकार धावून येतं. गोरगरिबांच्या जीवनदायी योजनेचा २०१२ साली राज्यात ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत श्रीगणेशा झाला, त्यांत आपलं नांदेड होतं. आता ती महात्मा फुल्यांच्या नावानं चालते आणि २०२३ मध्ये तिचं कवच पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. अट एवढीच की आधी आडवं व्हावं लागतं. उभ्या माणसाच्या रोजच्या गोळीला त्यात जागा नाही. सरकारी दवाखान्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसुद्धा फुकट झाला. पण फुकटच्या कागदावर आपल्या लोकांचा विश्वास बसत नाही, आणि रांग बघितली की जो थोडाफार बसलेला असतो तोही उठतो.

ज्यांच्याकडे खासगी विमा आहे, त्यांचं दुखणं वेगळं. क्लेम फॉर्मचा पहिला भाग आपण भरायचा, दुसरा दवाखान्यानं. या दुसऱ्या भागावर सही आणि शिक्का लागतो, आणि शिक्का फार महाग धातूचा असावा. व्यक्तिगत आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून सुटला. शिक्क्यावरचा कर तेवढा सुटायचा राहिला. कॅशलेसचा निर्णय एका तासात द्या, असं विमा नियामकानं २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं. एका तासाचा नियम कंपनीला आहे. शिक्का ज्याच्या टेबलाच्या खणात असतो, तो जेवायला गेल्यावर कोणता नियम लागतो, ते परिपत्रकात नाही.

गंमत म्हणजे मामांच्या या संपणाऱ्या कागदावर उपाय जुना आहे. औषधे नियम, १९४५, यातला नियम ६५ म्हणतो की एका चिट्ठीवर औषध एकदाच द्यावं. मात्र डॉक्टरांनी तसं लिहिलं असेल, तर तीच चिट्ठी त्यांनी सांगितलेल्या वेळा, सांगितलेल्या अंतरानं पुन्हा चालते. म्हणजे 'दर महिन्याला, सहा वेळा' एवढं खरडलं की मामा अर्धं वर्ष निवांत आणि मेडिकलवालाही कायद्यात. ऐंशी वर्षं ही सोय कायद्यात पडून आहे आणि अशी ओळ लिहिलेली चिट्ठी मी तरी अजून पाहिलेली नाही.

हे मी एका कंपाउंडरला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "चांगलं हाय की. साहेबांना इचारून बघा. केसपेपर काढू का?"