चष्मेबहाद्दर महाशयांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री चष्मेबहाद्दर महाशय यांचे सेवेशी,

कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपलं नाव मला ठाऊक आहे. मलकापुरात आता पुष्कळांना ठाऊक आहे. तरी ते इथे लिहीत नाही. माणसाला न विचारता चारचौघांत उभं करू नये, असं मी मानते. ही सवलत आम्हाला आपल्याकडून मिळाली नाही. आपल्याला मात्र माझ्याकडून देते आहे. आनंदाने स्वीकारावी.

प्रथम आभार. आपण सपत्नीक माझ्या लेडीज टेलरिंगच्या दुकानी पायधूळ झाडलीत. ताईंना भाचीच्या लग्नासाठी कटोरी ब्लाउज शिवायचा होता, साडीला फॉल-पिको करायचं होतं. बाहेर आपलं वऱ्हाडचं वैशाखातलं ऊन, पारा ४५च्या आसपास. आपल्याला पंख्याखाली बसवलं, माठातलं पाणी दिलं. आपण मोबाईल खिशात ठेवलात, हात मांडीवर ठेवलेत आणि गप्प बसून राहिलात. बायकोसोबत येऊन घड्याळाकडे न बघणारा नवरा मी क्वचितच पाहिला आहे. डोळ्यांवरचा काळा चष्मा तेवढा आपण सावलीत आल्यावरही काढला नाहीत.

त्या सभ्यपणाचं फळ पुढे रील होऊन माझ्या मोबाईलवर येऊन पोचलं. ‘आमच्या गावची टेलरताई’ असं बारसंही आपण करून टाकलं होतं. माझ्या गळ्यात टेप, ओठांत टाचणी आणि समोर दोन्ही हात वर करून उभी असलेली एक कॉलेजची पोरगी. मुंढ्याचं माप घ्यायचं तर हात वर करावेच लागतात. मी मोजते आहे आणि शिकाऊ मुलीला वहीत लिहायला आकडे सांगते आहे. छाती इतकी, कंबर इतकी. सगळं स्पष्ट ऐकू येतं. आपल्या चष्म्याचा माइक उत्तम आहे, अभिनंदन. खाली नाचरं गाणं, हसऱ्या चेहऱ्यांची रांग आणि त्या आकड्यांवर गावातल्या सद्‌गृहस्थांनी केलेली शेरेबाजी. ती इथे उतरवून घ्यायला माझा हात धजत नाही.

आपल्याला कल्पना नसेल म्हणून सांगते. मापाची वही मी कुणाला दाखवत नाही, बाईच्या नवऱ्यालाही नाही. कोण बारीक होत चालली आहे, कुणाला दिवस गेलेत पण घरी अजून सांगितलं नाही, कुणाच्या ब्लाउजला डाव्या बाजूला जास्तीचं पॅड लावायचं कारण तिथे ऑपरेशन झालं आहे, हे त्या वहीत असतं. शिवणाऱ्या बाईवर गिऱ्हाइकाचा भरवसा असतो तो कात्रीपेक्षा तिच्या तोंडावर जास्त. वर्षानुवर्षं जपलेला हा भरवसा आपण एका रीलमध्ये हलका केलात. आता बायका दारातूनच विचारतात, “आत कोणी चष्मेवाला नाही ना?”

त्या मुलीच्या वतीनेही आभार मानायला हवेत. ती रोज एसटीने घाट चढून बुलढाण्याला क्लासला जायची. घरात चौकशी झाली ती तिची. दुकानात कुणाबरोबर गेली होतीस, पुरुष बसला होता तर थांबलीस कशाला, त्याच्याकडे बघून हसलीस का. क्लास सध्या बंद आहे. आपल्याला एका शब्दाने कुणी विचारलं नाही, उलट आपले फॉलोअर वाढले. आपण रील काढून टाकल्याचंही कानावर आलं. तेही आम्हाला न सांगता. तोवर ते कुठल्या कुठल्या ग्रुपवर गेलं होतं, ते परत गोळा करण्याची सोय त्या चष्म्यात आहे का, कळवण्याची कृपा करावी.

आपलं वय लहान, म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. १९९४ साली आपल्या मलकापूरच्याच रेल्वेमार्गावरच्या जळगावात मुलींचे फोटो आणि चित्रफिती काढून त्यांना धमकावलं जात असल्याचं उघड झालं. सगळा महाराष्ट्र हादरला. तपास झाला, खटले चालले, पण नाव बाहेर येईल या धास्तीने कित्येक जणी साक्षीला उभ्याच राहिल्या नाहीत. तेव्हा आमच्या घरांमधून मुलींना फोटो स्टुडिओत एकटीने जायला बंदी झाली होती. आपण तसे नाही, हे मान्य आहे. पण बाईच्या परवानगीशिवाय घेतलेलं चित्र कुणाच्या हाती काय होऊ शकतं, हे या भागातल्या आयांना शिकवावं लागत नाही. त्या मुलीची आई रात्री माझ्याकडे आली होती ती रागाने नव्हे, भीतीने. तिला एवढंच विचारायचं होतं, की अजून काही काढलंय का. मला उत्तर देता आलं नाही. ते फक्त आपल्याला ठाऊक.

आठवडी बाजारावरही आपली कृपादृष्टी झाली. मेथी विकणाऱ्या म्हातारीशी आपण पाच रुपयांवरून घासाघीस केलीत, ती चिडेपर्यंत केलीत, आणि तिच्या तोंडून निघालेली शिवी जगाला दाखवलीत. तिचा नातू शाळेत त्याच शिवीच्या नावाने ओळखला जातो. मी तिला विचारलं, तुला कळलं कसं नाही? ती म्हणाली, “त्याच्या हातात मोबाईल बी नोता बाई. मले काय मालूम, डोयानं फोटो काढते म्हनून!”

महाशय, माझं सगळं गाऱ्हाणं या म्हातारीच्या एका वाक्यात आहे. मोबाईल उचलला की दिसतो. बाई पदर पुढे घेते, मान फिरवते, “ए, काढू नको” म्हणते, नाहीतर ठीकठाक होऊन हसते. हो म्हणायचं की नाही, हे ठरवायला तिला एक क्षण मिळतो. आपण नेमका तो क्षण काढून घेतलात. चित्र घेण्याचा राग मोठा आहेच, पण नाही म्हणण्याची वेळच येऊ दिली नाहीत, याचा राग त्याहून मोठा आहे.

आपल्या मित्राकरवी निरोप आला, की चष्म्याच्या कडेला दिवा लागतो, बघणाऱ्याने बघावा. आमच्या अज्ञानावर आपण टाकलेल्या या प्रकाशाबद्दल ऋणी आहे. आपला चष्मा कोणत्या कंपनीचा, ते मी विचारणार नाही. पण पेपरात वाचते तेवढं सांगते. रे-बॅन आणि मेटा या कंपन्यांचा असा चष्मा मे २०२५मध्ये भारतात आला, तेव्हा किंमत २९,९०० रुपयांपासून पुढे. त्याला १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि चित्रण चालू असताना लागणारा बारीक पांढरा दिवा आहे. दिवा झाकला तर चित्रण होऊ नये, अशीही सोय केलेली आहे. त्याच वर्षी अमेरिकेत ६० डॉलर घेऊन तो दिवा बंद करून देणारा कारागीरही निघाला. स्वस्तातले, मुळात दिवाच नसलेले चष्मे तर ऑनलाइन मिळतातच. आणि दिवा असला तरी भर दुपारी बाजारात, जिथे रुमाल आणि गॉगलाशिवाय माणूस दिसत नाही, तिथे म्हातारीने एकेकाच्या चष्म्याची काडी न्याहाळत मेथी विकायची का?

देवाचं तेवढं बरं आहे, त्याला पहारेकरी आहेत. जानेवारी २०२५मध्ये अयोध्येच्या राममंदिरात कॅमेऱ्याच्या चष्म्याने फोटो काढणारा एक भाविक सुरक्षारक्षकांनी पकडला. जुलैत तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरातही असाच एक जण सापडला. माझ्या दुकानाला पितळी कडीचा दरवाजा आणि एक पडदा आहे. तेवढ्यावर आजवर भागत होतं.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या होतकरूंच्या कानावर आली असेलच. २०२४ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी असाच चष्मा घालून, चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीला जोडून, रस्त्यावरच्या अनोळखी माणसांची नावं, पत्ते, फोन नंबर शोधून दाखवले. लोकांनी सावध व्हावं म्हणून त्यांनी ते केलं आणि ती युक्ती कुणाला दिली नाही. मलकापुरात कुणाचा पत्ता काढायला चष्मा लागत नाही, पानठेल्यावर विचारलं तरी पुरतं. पण पानठेल्यावर कोण विचारून गेलं, हेही संध्याकाळपर्यंत कळतं. नवऱ्याच्या मारझोडीला कंटाळून दुसऱ्या जिल्ह्यातून इथे येऊन राहिलेली एक बाई माझ्याकडे काज-बटणाचं काम करते. त्या रीलमध्ये कोपऱ्यात तीही आहे. आपल्या लक्षात आलं नसेल. तिच्या आलं.

कायद्याचं ज्ञानही आपण त्याच निरोपातून दिलंत: सार्वजनिक जागेत चित्रण गुन्हा नाही. दुकान माझं आहे, महाशय. गावाचा पार नव्हे. पण बाजाराचंच घेऊ. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यातल्या मुख्य निकालपत्रात हेही आहे, की माणूस सार्वजनिक जागी गेला म्हणून त्याचा खासगीपणा घरी राहत नाही, तो त्याच्यासोबतच चालतो. चोरून चित्रण करण्याबद्दल पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३५४-सी होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आहे; पहिल्याच गुन्ह्याला १ ते ३ वर्षं. मात्र ते बाईच्या ‘खासगी कृती’पुरतं आहे. मुंढ्याचं माप त्यात बसतं की नाही यावर वकील भांडतील, मेथी विकणं तर बसणारच नाही. २०२३चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा माणसाने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही. या फटीत आपण ऐसपैस बसलात, असं दिसतं. पण हजारोंना दाखवलेलं रील घरगुती कसं, हे एकदा समजावून द्यावं. घर आमचं, वापर आपला, असा काही अर्थ आहे का?

कॅमेऱ्याशी माझं वैर नाही. मे २०२३मध्ये मध्य रेल्वेने मुंबई विभागातल्या तिकीट तपासनीसांना अंगावर लावायचे कॅमेरे दिले. तो कॅमेरा छातीवर उघड दिसतो, माणूस गणवेशात असतो, भांडण झालं तर प्रवाशाची बाजूही त्यात टिपली जाते. तो आमच्या भुसावळ विभागात गाडीगाडीत दिसला तरी माझी हरकत नाही. आमच्या एसटी स्टँडवर एक दृष्टिहीन काका नेहमी असतात. गाडी लागली की पाटीवर काय लिहिलंय ते जवळ उभ्या असलेल्याला विचारतात; कुणी सांगतं, कुणी कानात इअरफोन घालून उभा राहतो. ‘बी माय आइज’ नावाचं ॲप आहे, त्यावरून जगात कुठेतरी बसलेला स्वयंसेवक कॅमेऱ्यातून बघून अंधांना वाचून दाखवतो, आणि २०२४पासून ते अशा चष्म्यावरही चालतं. त्या काकांना असा चष्मा मिळावा, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी वर्गणी काढायची झाली तर पहिली पावती माझ्या नावाची फाडा. ते माझ्या दुकानात चष्मा घालून आले तरी मी खुर्ची देईन. कारण ते आल्या आल्या सांगतील, की बाई, माझ्या डोळ्यांवर कॅमेरा आहे. तोच चष्मा पाटी वाचायला आणि तोच पोरीचं माप जगाला ऐकवायला. त्याला त्यातलं काय कळतं? आपल्याला कळायला हवं होतं.

आता नम्र विनंत्या. त्या मुलीच्या घरी जावं, तिच्या वडिलांसमोर आणि भावासमोर सांगावं, की हिला काही माहीत नव्हतं, हिचा काही दोष नाही, चोरून मी घेतलं. हे वाक्य त्यांनी आपल्या तोंडून ऐकल्याशिवाय तिचा क्लास सुरू होणार नाही. माझं ते ऐकत नाहीत. ज्या ज्या ग्रुपवर आपण ते टाकलंत, तिथे जाऊन पुसायला सांगावं. आपल्याकडे अजून काय काय आहे, ते मुलीच्या आईला मोबाईल हातात देऊन दाखवावं आणि तिच्यासमोर पुसावं. बाजारात जाऊन म्हातारीपुढे उकिडवं बसावं, तिला रील दाखवावं आणि विचारावं, ठेवू का काढू? ती जे म्हणेल ते करावं. शिवी दिली तर ती मात्र चित्रित करू नये.

माझ्या दुकानात आता काउंटरवर एक स्टीलचं ताट ठेवलं आहे. आत येणाऱ्या प्रत्येक पुरुषाने चष्मा त्यात काढून ठेवायचा. नंबरचा असला तर माझ्या हातात द्यायचा, मी बघून परत देते. काही जण चिडतात, काही निघून जातात. धंद्याला बसायची ती खोट बसेल. आपण आलात तर आपल्यासाठीही जागा आहे, आधी ताटात चष्मा, मग पंखा आणि पाणी.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
मलकापुरातील एक लेडीज टेलर

ता. क. – ताईंचा ब्लाउज शिवून तयार आहे. न्यायला त्यांनाच पाठवावं, एकदा घालून बघावा लागेल. रीलच्या सुरुवातीला आरशासमोर पदर बाजूला करून अस्तराचं कापड खांद्यावर धरून बघणारी बाई त्याच आहेत. त्यांना तरी विचारलं होतंत का?