वीस लिंबं आणि तीन ब्लॉक

सकाळी झाडांना पाणी घालत होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून मंगलवहिनींची हाक आली.

"शुभाताई, वीसेक लिंबं मिळतील का हो?"

आमच्या दोन बंगल्यांमधली ही भिंत छातीएवढी. हिच्यावरून आजवर विरजण गेलं, कढीपत्ता गेला, सांडगे गेले आणि अख्ख्या विश्रामबागेतल्या सोयरिकी इकडून तिकडे झाल्या. पण एकदम वीस लिंबं?

"लोणचं घालताय?"

"लोणचं कसलं! काढा करायचाय. ह्यांच्या नळ्या मोकळ्या व्हायला."

म्हणजे माझा अंदाज खरा निघाला. गुरुवारी भाऊजी गाडीतून उतरताना उजव्या मनगटाला पट्टी होती. मी तेव्हाच घरात म्हटलं होतं, ही अँजिओग्राफीची पट्टी. आमचे हे म्हणाले, तुला भिंतीला कान आहेतच, आता डोळेही फुटले.

पाइप तिथंच टाकला आणि भिंतीशी गेले. वहिनींचे डोळे भरलेले.

"तीन ब्लॉक निघाले हो. दोन ऐंशी-नव्वद टक्के आणि एक तर शंभर टक्के बंद! डॉक्टर म्हणतात बायपास. मी म्हणते, शंभर टक्के बंद असती तर माणूस जिवंत तरी राहिला असता का? परवापर्यंत मंडईतून दोन्ही पिशव्या घेऊन येत होते."

हाच प्रश्न दीड वर्षापूर्वी, आमच्या ह्यांच्या बायपासच्या वेळी, मी माझ्या भाच्याला विचारला होता. तो मिरजेला मेडिकलला आहे. त्यानं सांगितलेलं तसंच वहिनींना सांगितलं. नळी अचानक बंद झाली की ॲटॅक. पण वर्षानुवर्षं हळूहळू बुजत गेली, तर हृदय स्वतःच शेजारच्या नळ्यांतून बारीक आडवाटा काढून घेतं. बसल्याजागी तेवढं रक्त पुरतं. जिना चढायला लागलं की कमी पडतं.

"भाऊजी जिन्यात थांबत होते ना अधूनमधून?"

"हो की! दुसऱ्या मजल्यावरच्या जोश्यांकडे जाताना मधेच थांबून मोबाइल बघायचे. मला वाटायचं, काय मेलं त्या मोबाइलचं वेड!"

"मोबाइल नाही वहिनी, छाती भरून येत होती. आमच्या ह्यांनी चपलेचा बंद नीट करायचं सोंग आठ महिने केलं."

तेवढ्यात समोरच्या गॅलरीतून देशपांडे आजी. ब्याऐंशी वर्षं, कान मात्र शाबूत. "आमच्या वेळी नव्हतं हे बायपास-बियपास. माणूस एकदाच जायचा."

"होतं हो आजी! १९६७ साली अमेरिकेत क्लीव्हलंडला फावालोरो नावाच्या सर्जननं पायातली शीर वापरून बायपास केली आणि तिथून ती रुळली. मूळचा अर्जेंटिनाचा. त्याआधी बारा वर्षं खेड्यात डॉक्टरकी करत होता. आपल्याकडे १९७५ ला मद्रासला झाली."

"मग आमच्यापर्यंत नसेल आलं," म्हणून आजी पापड उलटायला लागल्या.

वहिनींनी मोबाइल पुढे केला. जावेनं पाठवलेला काढा. लसणाचा रस एक कप, आल्याचा एक, लिंबाचा एक, सफरचंदाचं व्हिनेगर एक. आटवायचं आणि वर तीन कप मध. रोज सकाळी चमचाभर, नळ्या साफ.

"भाऊजींची शुगर किती?"

"उपाशीपोटी एकशे ऐंशी."

"आणि वर तीन कप मध?"

वहिनी गप्प.

"हे बघा, तो ब्लॉक म्हणजे पाइपात साचलेला गाळ नाही. नळीच्या भिंतीतच चरबी शिरते, वर चुना धरतो. लिंबू पोटात जातं, नळीच्या भिंतीत नाही. आणि बायपास झाली म्हणून ब्लॉक निघतो असंही नाही. तो तिथंच राहतो. त्याच्या पुढे दुसरी नळी जोडून रक्त वळवतात, एवढंच. हायवे बाहेरून नेला म्हणून गावातली बोळ रुंद होते का?"

"मग जावई म्हणतो तशा स्प्रिंगा घालून भागणार नाही? छाती फाडायला नको."

स्प्रिंग म्हणजे स्टेंट. हाच घोळ आमच्याकडेही झाला होता. एखाद-दुसरा ब्लॉक असता तर स्टेंटनं भागलंही असतं. पण शुगर आणि तीन नळ्या, हे दोन्ही एकत्र आलं की बायपासचं पारडं जड. २०१२ साली मधुमेहाच्या १,९०० पेशंटांचा एक मोठा अभ्यास आला. पाच वर्षांत मृत्यू, ॲटॅक किंवा लकवा यातलं काहीतरी स्टेंटवाल्यांत शंभरात सत्तावीस जणांना झालं, बायपासवाल्यांत एकोणीस जणांना. नुसता लकवा बघितला, तर तो मात्र बायपासकडे थोडा जास्त होता. भाच्यानं हेही लपवलं नाही, म्हणून मीही लपवलं नाही.

"जिवाला धोका?"

"बाकी तब्येत बरी असेल आणि ऑपरेशन ठरवून केलं, तर शंभरात एक-दोन. अहो, मनमोहनसिंगांची पहिली बायपास १९९० ची. दुसरी जानेवारी २००९ मध्ये, पंतप्रधान असताना. मे महिन्यात पुन्हा शपथ घ्यायला उभे! गेले ते ब्याण्णव्या वर्षी."

वहिनी जरा हलक्या झाल्या. मग माझा आवाज आपोआप खाली आला, कारण आता जाधवांचा विषय.

कोपऱ्यावरचे जाधव, एस.टी.तून रिटायर झालेले. बायपासला बारा वर्षं झाली. छातीच्या हाडामागची धमनी जोडतात ना, ती चिवट. दहा वर्षांनीही दहातल्या नऊ जणांत चालू असते. पायातली शीर तशी नाही. तेवढ्या काळात निम्म्या शिरा बुजतात. त्यात जाधवांनी बायपास करून घेतली, पण विडी सोडली नाही. रोज संध्याकाळी फिरायला म्हणून निघायचं, टपरीवर विडी, वर भडंग. जाधववहिनींना वाटायचं, चार किलोमीटर चालतात. गेल्या वर्षी पायाच्या दोन्ही शिरा बंद. गोळ्यासुद्धा मनानंच थांबवल्या होत्या म्हणे.

"अगंबाई! गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या?"

"रक्त पातळ करायची, कोलेस्टेरॉलची, दोन्ही. ऑपरेशन सर्जन करतो वहिनी, पुढचं आपल्या स्वयंपाकघरात."

मग मी घरचं सांगितलं, कारण हे दवाखान्यात कुणी सांगत नाही. दीड-दोन महिने खुर्चीतून उठताना हातावर जोर द्यायचा नाही, स्कूटर नाही, पाण्याची बादली नाही. छातीचं हाड स्टीलच्या तारांनी शिवलेलं असतं. एक्स-रेत ह्यांची छाती बांधलेल्या वहीसारखी दिसते. खोकला आला की उशी छातीशी कवटाळायची. तीन गोळ्यांचं ते फुंकणीसारखं खेळणं देतात, त्यात हवा ओढायची. ते मात्र उसनं मागू नका, ज्याचं त्याचं. छाती दुखते त्याहून पाय छळतो. शीर काढलेल्या पायाला सूज येते, घोट्याजवळ बधिर लागतं.

"आणि तिसऱ्या आठवड्यात ह्यांना रडू यायला लागलं."

"भाऊजींना?"

"मालिका बघताना! चाळीस वर्षांत सासूबाई गेल्या तेव्हा एकदा बघितलं होतं. डॉक्टर म्हणाले, असं बऱ्याच जणांचं होतं, ओसरतं. ओसरलं. आता परत माझ्यावर ओरडतात."

पैशाचं वहिनींनी शेवटी विचारलं, चेहरा दुसरीकडे करून. त्यांना म्हटलं, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बायपास बसते. आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत. योजनेतला दवाखाना गाठायचा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राच्या टेबलाशी जायचं. आधी तिथं, मग बिलाशी.

"पण उद्याच ॲडमिट व्हा म्हणतात हो. भीती वाटते."

"डॉक्टरांना सरळ विचारा. डाव्या बाजूच्या मुख्य नळीत ब्लॉक आहे का? हृदयाचं पंपिंग किती? मुख्य नळी बरी असेल, पंपिंग चांगलं असेल, दुखणं चालल्यावरच येत असेल आणि थांबलं की जात असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांना फाइल दाखवण्याइतका वेळ असतो. काढा पिऊन सहा महिने घालवण्याइतका नसतो. आणि बसल्याजागी दुखलं, घाम फुटला, तर फाइलही शोधू नका आणि मला हाकही मारू नका. थेट दवाखाना."

वहिनींनी दोन्ही प्रश्न दूधवाल्याच्या कार्डामागे लिहून घेतले. त्याच दुपारी मिरजेत दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली. तेही बायपासच म्हणाले. पुढच्या सोमवारची तारीख मिळाली आहे.

लिंबं चारच नेली. सरबतात साखर घालू नका, हे मी भिंतीवरूनच ओरडून सांगितलं.