अष्टमीतला आराम

पक्षीनिरीक्षकाच्या सहलीत विश्रांतीचा एक दिवस असतो. सहलीच्या तक्त्यात तो लिहिलेला असतो, एवढाच त्याच्या असण्याचा पुरावा. रायगड जिल्ह्यात हा दिवस बहुधा जंजिरा आणि फणसाड यांच्या मध्ये पडतो. आदल्या दिवशी राजपुरीहून शिडाच्या होडीने तो जंजिऱ्याला जाऊन आलेला असतो. बाकीची मंडळी कलालबांगडी तोफेपाशी फोटो काढत असताना हा तोफेकडे पाठ करून समुद्रावरचे कुरव मोजत होता. उद्या फणसाड, म्हणजे जंजिऱ्याच्या नवाबाचे जुने शिकारीचे रान, १९८६ पासून अभयारण्य. मधला मुक्काम अष्टमीला, मावशीकडे. कुंडलिकेच्या एका काठाला रोहे, दुसऱ्याला अष्टमी, दोन्हींना मिळून एकच नगरपरिषद. आरामाला असे गाव उत्तम, हे त्याने घरच्यांना पटवलेले असते. नदीचा उल्लेख तेवढा टाळलेला असतो.

आरामाला पहाटे साडेपाचला सुरुवात होते. आठपर्यंत झोपण्याची घोषणा रात्री झालेली असते, दुर्बीणही शपथेवर खुंटीला अडकवलेली असते. चहाचा कप घेऊन तो ओटीवर बसतो आणि डोळे मिटतो. कान मात्र खुंटीला टांगता येत नाहीत. पहिला कप संपेतो भारद्वाज, तांबट, खंड्या आणि हळद्या मनातल्या मनात नोंदवून होतात. मावशीने "साखर पुरेशी आहे का रे?" विचारले, की तो ओठांवर बोट ठेवतो. कावळा आणि साळुंकी अगदी समोर असतात, पण ते त्याच्या लेखी पक्षी नव्हेत, ती वस्ती.

नऊच्या सुमाराला घरात कोथिंबीर नसल्याचा शोध लागतो. हा शोध तोच लावतो. कोथिंबीर रोह्याच्या बाजारात, बाजाराला जायचे तर पूल, आणि पुलाखाली नदी. पाणी उतरलेल्या काठावर हिवाळी पाहुणा तुतवार शेपूट वरखाली करत फिरत असतो. चिखलाच्याच रंगाचा वंचक शेजारी असून दिसत नाही. उडाला, की एकदम पांढरा. या दोघांना खुंटीवरच्या दुर्बिणीवाचून पाहायचे म्हणजे वेळ लागणारच. पुलावरून जाणारे दोघे-तिघे थांबून खाली वाकतात, कुणी बुडाले की काय म्हणून. बगळा आहे असे कळल्यावर ते ज्या नजरेने पाहतात, तिची या जातीला सवय असते.

बारा वाजता तो रिकाम्या हाताने परततो आणि सलीम अलींचा आधार घेतो. १९३० मध्ये हाताला नोकरी नसताना ते किहीमला राहिले, घराजवळच्या सुगरणींवर नजर ठेवून बसले, आणि सुगरणीचा नर एकामागून एक घरटी विणून अनेक माद्यांशी संसार थाटतो हे त्यांनी दाखवून दिले. किहीम तर याच जिल्ह्यातले! मावशी शांतपणे ऐकून घेते. "त्यांना कोथिंबीर आणायला पाठवलं असतं, तर त्यांनी आणली असती," एवढेच म्हणते.

दुपारची झोप हा या दिवसाचा सर्वांत दुबळा भाग. उशीला डोके टेकते, तोच तांबटाची टुक-टुक सुरू होते. तांबट एकच, की लांबून उत्तर देणारा दुसराही आहे, हे ठरेपर्यंत चहाची वेळ होते. मग फोनवर ई-बर्डची यादी भरली जाते. अंतर शून्य, पद्धत 'स्थिर', कालावधी झोपेचा.

संध्याकाळी परसात पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, भोवती जाळ. सगळे शेकोटीशी गप्पा मारतात. हा अंधाराकडे तोंड करून पिंगळ्याची वाट पाहतो आणि शेंगा सालीसकट खातो. पिंगळा ओरडतो तेव्हा मडके उघडत असते; तेवढ्या गलक्यात यादीतला आकडा एकाने वाढतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी फणसाडला निघते. दाट झाडी सुरू होते, चालक हळू करतो, मागच्या बाकावरचे कुजबुजत धनेश दाखवतात. पक्षीनिरीक्षक खिडकीला डोके टेकून गाढ झोपलेला असतो.